मशीन बिघडलंय

वजन करायला दवाखान्यात पहिल्यांदा गेलो, तेव्हा खिशात भडंगाची पुडी तशीच ठेवून काट्यावर चढलो. काट्याजवळच्या माणसानं ती दोन बोटांनी बाहेर काढली आणि म्हणाला, "पावणं, हिचं वजन विम्यात बसत न्हाय की."

पोट लहान करायच्या ऑपरेशनला विमा कंपनीची अट होती: आधी तीन महिन्यांत आठ किलो स्वतःच उतरवा आणि दवाखान्याच्या वहीत तशी नोंद दाखवा. माझी साखर वाढलेली, गुडघे संपलेले. विम्याशिवाय ते ऑपरेशन मला झेपणारं नव्हतं.

हा माणूस नावं पुकारायचा ती रस्त्यापर्यंत ऐकू जायची. वजन मात्र कानाशी येऊन सांगायचा, कुणाच्या घरातली भानगड सांगावी तसं. आकडा लिहिताना वहीवर डावा हात आडवा धरायचा.

शेवटच्या वजनाला तो काट्याकडे बराच वेळ बघत राहिला. "अर्धा किलो ऱ्हायलाय," तो कुजबुजला.

"अर्ध्या किलोचं काय एवढं? लिहून टाका की."

त्यानं होता तोच आकडा लिहिला. "सोमवारपातूर मुदत हाय," एवढंच हळू म्हणाला. मग बाकावर बसलेल्या माझ्या बायकोकडे बघून ओरडला, "वहिनी, मशीन बिघडलंय! सोमवारी घेऊन या ह्यांस्नी!"

रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या मागनं दोघांची वजनं झाली त्याच मशीनवर. असू दे. ते दुरुस्त होईस्तोवर तुम्हाला अर्धीच भाकरी."