पांढऱ्या ओट्यावरचा धबुकार

बाभुळगावकडे जाणाऱ्या यष्टीतून फाट्यावर उतरून तांड्यात शिरलं, की हंसाबाईचं घर विचारावं लागत नाही. "किचन पाह्यले आले काय?" असं लोकच विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता बोट दाखवतात. या किचनच्या आधी तांड्यातली सगळ्यात आधुनिक वस्तू म्हणजे भावसिंगचा बॅटरीवरचा फवारणी पंप होता. आता त्या पंपाकडे कुत्रंही मान वळवून पाहत नाही, आणि भावसिंगला याचं थोडं वाईट वाटतं.

किचन आहेच तसं. शेवाळी रंगाची चकचकीत कपाटं, त्यांना मुठी नाहीत. दार उघडायचं तर ते आधी आत ढकलावं लागतं. हंसाबाईनं उभ्या जन्मात दारं ओढून उघडली होती, त्यामुळे पहिले काही दिवस तिला आपल्याच घरातली साखर सापडेना. ड्रॉवर असे, की ढकलले तरी शेवटच्या टप्प्यावर आपोआप सावकाश मिटतात. नवी सून पहिल्या आठवड्यात सासरी वावरते तसे, आवाज न करता. खिडकीपाशी एक उंच फळी आणि तिच्यापुढे उंच स्टुलं, तिला म्हणे ब्रेकफास्ट काउंटर म्हणतात. स्टुलावर बसलं की हंसाबाईचे पाय हवेत लोंबकळत आणि तिला झोक्यावर बसवून विसरलेल्या पोरीसारखं वाटे. वर धुराची चिमणी. तिच्यासमोर नुसता हात हलवला की ती सुरू होते. आणि या सगळ्याच्या मधोमध दुधासारखा पांढराशुभ्र क्वार्ट्झचा ओटा. बाकीचं घर होतं तसंच, पोपडे आलेलं. फाटक्या धोतरावर कोट चढवून कोणी लग्नाला निघावं, तसं ते दिसे.

हे सगळं सुनीलनं करून घेतलं. सुनील हंसाबाईचा एकुलता एक, पुण्यात कंपनीत. नवरा भीमसिंग वारल्यापासून हंसाबाई घरात एकटी. सुनील सणाला येई तो दुपारी येऊन संध्याकाळी यवतमाळच्या लॉजवर मुक्कामाला जाई, कारण बायको उज्ज्वला हिला चुलीच्या धुरानं दम लागे आणि नातू प्रेम याला जमिनीवर बसून जेवता येत नसे. घरात बोली बंजाऱ्यांची, गोरमाटी, पण पुण्याला गेल्यापासून अडचणीचं काही बोलायचं असलं की सुनील मराठीत शिरे. किचनचं तो मराठीतच बोलला.

"याडी, किचन जरा ढंगाचं झालं ना, तं आमाले राहता येईल. लॉज कायले लागते मंग?"

याडी म्हणजे आई. या एका वाक्यावर हंसाबाईनं आपली चूल मोडू दिली.

चूल मोडणं ही साधी गोष्ट नव्हती. सणाच्या दिवशी पहिला घास तोंडात घालायच्या आधी चुलीतल्या निखाऱ्यांवर गूळ, तूप आणि लापशी वाहायची, गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, त्यांना जेवायला बोलवायचं. याला धबुकार म्हणतात. धबुकार दिल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही. तो द्यायचा घरातल्या कर्त्या पुरुषानं. भीमसिंग गेल्यापासून सुनील नेमका त्या वेळी पुण्यात किंवा वाटेत असे, म्हणून चुलतदीर भावसिंग येऊन हंसाबाईच्या चुलीवर धबुकार देऊन जाई. तो देई मनापासून, पण नावं घेताना आपल्या बाजूचे पितर आधी घेई आणि भीमसिंगापर्यंत येईस्तोवर तूप संपत आलेलं असे. हंसाबाईला हे सलत होतं. पोरानं एकदा आपल्या हातानं बापाला बोलवावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी पोरानं आदल्या रात्री घरात झोपायला हवं. आणि त्यासाठी चूल जायला हवी. हिशेब विचित्र होता, पण दुसरा तिला सुचला नाही.

यवतमाळहून अमर नावाचा फिटर आला. त्यानं मोबाइलवर किचनचं रंगीत चित्र दाखवलं. त्यात ओट्याशी एक गोरी बाई सफरचंद कापत होती. हंसाबाईनं एका कोपऱ्यात लहानशी चूल ठेवता येईल का विचारलं. अमरनं सुनीलला फोन लावला, सुनीलनं सांगितलं की काजळीनं कपाटांचं पॉलिश जाईल, आणि विषय संपला. अमर बिचारा भला माणूस. जाताना त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. काळा ग्रॅनाइट आता कोणी घेत नाही, सगळ्यांना पांढरं क्वार्ट्झ पायजे, पण त्याच्यावर गरम भांडं थेट ठेवायचं नाही, डाग पडला तर जात नाही. हंसाबाईनं ते पक्कं लक्षात ठेवलं.

मग तांडा किचन पाहायला लोटला. बाया चपला दूर काढून, पदर सावरून, देवळात शिरावं तशा आत आल्या. चिमणीसमोर प्रत्येकीनं हात हलवून पाहिला. शेजारच्या बिजलीबाईनं एक ड्रॉवर इतक्यांदा उघडला-मिटला की हंसाबाईला अमरला बोलवावं लागेल असं वाटलं. पण बसली कोणीच नाही. पूर्वी संध्याकाळी भाकरी थापताना चुलीभोवती दोघी-तिघी टेकलेल्या असत. कोणाच्या सुनेनं काय केलं, सोयाबीनला भाव काय, सगळं तिथं ठरे. आता टेकणार कुठं? खाली गुळगुळीत टाइल, वर लोंबकळणारी स्टुलं. आणि हंसाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्यानं भाकरी भाजते; पाठीशी गप्पा मारायला कोणाला आवडतं? हळूहळू बाया दारातूनच काय करून राह्यली विचारून पुढे जाऊ लागल्या. संध्याकाळी हंसाबाई कधी कधी उगीच एखादा ड्रॉवर ढकले आणि तो सावकाश मिटेपर्यंत पाहत बसे. तेवढंच घरात काही हले.

पण दिवाळी जवळ आली होती. सुनील आदल्या संध्याकाळी येणार होता, तिघंही राहणार होते. हंसाबाईनं तांडाभर सांगून टाकलं. भावसिंगला तर घरी जाऊन सांगितलं की यंदा त्यानं तसदी घेऊ नये, सुनील धबुकार देणार आहे. भावसिंग जरा हिरमुसला. आधी पंप गेला, आता हेही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी हंसाबाईच्या मनात शंका आली. सुनीलनं कधी धबुकार दिलेलाच नाही, तर उज्ज्वलासमोर त्याची फजिती नको. शिवाय तो द्यायचा कुठं? धबुकार जिथं अन्न शिजतं तिथं द्यायचा असतो. पूर्वी अन्न खाली शिजे, आता वर शिजतं. म्हणजे पितरांनाही वरच यावं लागणार. तिनं तालीम करायचं ठरवलं. जुना लोखंडी तवा घेऊन ती बिजलीबाईच्या अंगणातल्या चुलीशी गेली.

"एवढं मोठं किचन केलं," बिजलीबाई निखारे ओढत म्हणाली, "अन् विस्तव माह्या चुलीतून नेऊन राह्यली?"

हंसाबाईनं घरी येऊन तवा ओट्यावर शेगडीशेजारी ठेवला. अमरनं गरम भांडं ठेवू नका सांगितलं होतं, पण हे भांडं कुठं होतं, हा तर विस्तव होता. तुपाचा थेंब सोडला, धूर निघाला, तिनं हात जोडले, आणि हात हललेले पाहून चिमणी घुर्र करून सुरू झाली. सगळा धूर तिनं ओढून मागच्या बाजूला, थेट भावसिंगच्या अंगणात सोडला. हंसाबाईला हसू आलं. भावसिंगचे पितर आज फुकट जेवले म्हणायचे. हसत हसत तिनं तवा उचलला आणि तिचं हसू गेलं. दुधासारख्या ओट्यावर भाकरीएवढा तांबूस-काळा गोल उमटला होता.

दिवसभर ती त्या डागाच्या मागे लागली. लिंबू झालं, दही झालं, खायचा सोडा झाला, राख तर झालीच. डाग हलेना. उज्ज्वला काय म्हणेल? सुनील काय म्हणेल? याडीच्या हाती काही चांगलं देऊन उपयोग नाही म्हणेल, आणि पुन्हा लॉज. शेवटी तिनं बैठकीतली प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी आणून डागावर ठेवली. कुंडी लहान पडली, खाली झालरीचा रुमाल टाकला. किचनच्या त्या चित्रातही कुठंतरी फुलं होती, तेव्हा शोभूनच दिसेल, असं तिनं स्वतःला पटवलं.

संध्याकाळी फोन आला, व्हिडिओचा. ओट्याकडे पाठ करून तिनं तो उचलला. सुनील मराठीत बोलत होता, तेव्हाच ती समजली. कंपनीत ऐनवेळी काम आलं होतं, प्रेमला ताप नव्हता पण अंग गरम होतं, उज्ज्वलाचं माहेर जवळ होतं. होळीला नक्की.

"अन् धबुकार?" हंसाबाईनं विचारलं.

"भावसिंग काकाले सांग ना. नाहीतर तूच दे माह्या नावानं. चालते आता सगळं." मग तो म्हणाला, "किचन मस्त दिसून राह्यलं, याडी. ते फुलं कोणी ठेवले?"

मीच ठेवली, असं ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं कुंडी उचलून पुन्हा बैठकीत नेऊन ठेवली. आता डाग कोणापासून झाकायचा होता?

दिवाळीच्या सकाळी तिनं लापशी केली, अंदाज चुकला, चौघांना पुरेल एवढी झाली. भावसिंग कुंपणापाशी घोटाळत होता. कापूस पाहायला आल्यासारखं दाखवत त्यानं हाक दिली.

"भाभी, आला काय सुनील?"

"वाटेत हाय," हंसाबाई म्हणाली.

"मंग ठीक," भावसिंग म्हणाला, पण लगेच गेला नाही. तिनं एक शब्द टाकला असता तर तो चप्पल काढून आत आला असता. तिनं टाकला नाही. थोड्या वेळानं तो निघून गेला.

दुपार व्हायला आली. पोटात काही नव्हतं आणि धबुकार दिल्याशिवाय जाणारही नव्हतं. ती पुन्हा बिजलीबाईकडून निखारे घेऊन आली; या वेळी बिजलीबाईनं चांगले लालबुंद निखारे निवडून दिले. तवा तिनं त्याच गोलावर ठेवला. बरोबर बसला. डोक्यावर पदर घेतला, लापशीत गूळ-तूप घातलं. नावं घेताना इतर कोणाचंच घेतलं नाही. सगळं तूप एकट्या भीमसिंगाला.

"घे," ती हळूच म्हणाली. "सुनीलच्या हातचं हाय. रातीच आला. पोरगं झोपलं हाय, म्हणून आवाज करत नाही."

निखाऱ्यावर तूप चरचरलं. भीमसिंग हयात असताना ती पोरासाठी गूळ लपवून ठेवायची आणि डबा रिकामा आहे म्हणून सांगायची. त्याला ते दर वेळी कळायचं, आणि तो काही न बोलता बिनगुळाचा चहा पिऊन उठायचा. आजही तो काही बोलला नाही. हंसाबाईनं ताट वाढून घेतलं, ओट्याला टेकून खाली टाइलवर बसली आणि जेवायला लागली.