चार गाठींची वायर

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये नरेंद्रचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि नरेंद्रचा स्वभाव. पैकी शटर आणि स्वभाव दोन्ही अर्धेच उघडत.

गिऱ्हाइकं बरीच होती, पण त्याचा जीव अडकला होता बदलापूरच्या जयदेवशेठच्या जुन्या जीपमध्ये. शेतातल्या चिखलातून धक्का न मारता बाहेर येणारी ती एकच गाडी. अठरा वर्षांपूर्वी तिचं सगळं वायरिंग नरेंद्रनं केलं, त्या दिवशी कॅम्प दोनच्या वायरवाल्याकडे फक्त लाल वायर शिल्लक होती. मग हेडलाइटला लाल, हॉर्नला लाल, ब्रेकलाइटलाही लाल. कुठली कशाची ते कळावं म्हणून त्यानं प्रत्येक वायरीला जाड पिवळ्या दोऱ्याच्या गाठी मारल्या. दोरा बायकोचा, यशोधरा घरी जीन्स शिवायची. एक गाठ हेडलाइट, दोन हॉर्न, तीन ब्रेक. ही लिपी एकट्या नरेंद्रला वाचता यायची आणि जग निरक्षर राहावं अशी त्याची मनापासून इच्छा होती.

२००४ सालातल्या एका रविवारी यशोधरा बहिणीकडून परतली आणि जेवायला वाढता वाढता म्हणाली, "तुमची जीप दिसली."

"कुठं?"

"बदलापुरातच, कात्रपला, ताईच्या घराजवळ. तो नवा पोरगा आहे ना, अल्पेश, त्याच्या गॅरेजात. बॉनेट उघडं टाकून उभी होती."

नरेंद्रचा घास हातातच राहिला.

"हिरवा रंग दिलाय नवा. छान दिसत होती."

"नटलीय पण?"

"मी पंधरा दिवस माहेरी राहिले तेव्हा एवढं तोंड नव्हतं पाडलं तुम्ही."

सकाळी नरेंद्रनं पिशवीत पाना-पक्कड टाकली. "तुझ्या बहिणीचा पंखा बघून येतो."

"तिचा पंखा चालू आहे."

"चालू आहे तोवरच बघितलेला बरा."

दोन शेअर रिक्षा बदलून तो कात्रपला पोचला. अल्पेशच्या भिंतीवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या वायरींची रिळं टांगलेली होती. कमरेला आकडे दाखवणारा मीटर. नरेंद्रला त्या मीटरचाही राग आला, रिळांचाही आला, आणि पोराचे केस दाट होते त्याचा जरा जास्तच आला. बाकावर बसलेल्या जयदेवशेठनं त्याला बघून एकदम चपलेचा अंगठा तपासायला घेतला.

अल्पेश या पाहुण्याला ओळखत नव्हता. "बसा काका. दोन दिवस डोकं फुटलंय. हॉर्न दाबला की हेडलाइट मंद होतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतो. कुठल्या येड्यानं सगळी लाल वायर घातलीय, वर हे दोरे बांधलेत. आता सगळं उपटतो नि नवीन टाकतो."

जयदेवशेठला खोकला लागला.

नरेंद्रनं जीपभोवती एक फेरी मारली. अर्थिंगची वायर जिथं बॉडीला बोल्टनं घट्ट करतात, तिथं बोल्टखालीही हिरवा रंग चकाकत होता. रंगातून करंट जात नाही; त्याला कळायचं ते कळलं. बोललो तर पोरगा शिकणार. गप्प बसलो तर आपली अठरा वर्षं भंगारात. तो शेठशेजारी बाकावर टेकला. पोराला घाम फुटलेला बघायला बरंही वाटत होतं. तेवढ्यात अल्पेशच्या पकडीत दोन गाठींची वायर आली.

"थांब," नरेंद्र उठला. "ती हॉर्नची आहे."

पिशवीतून त्यानं हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा काढला, बोल्ट सोडला, खालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला आणि बोल्ट आवळला. हॉर्न वाजला. हेडलाइट जरासुद्धा मंद झाला नाही.

"रंग द्यायच्या आधी मला बोलवा, हे किती वेळा सांगितलंय, शेठ?"

"पोरीच्या हालदीची घाई होती रं," जयदेवशेठ चपलेकडे बघत म्हणाले. "मग मना वाटला, तू रागावशील. म्हणून हिकडं आणली."

"आता नाही का रागावलो?"

"आता पोरगा हाय ना मधी."

अल्पेश मात्र बोल्टकडेच बघत होता. "काका, तो येडा तुम्हीच का? मग शिकवा ना. हे दोरे कसले?"

शेठसमोर नाही म्हणता येईना. नरेंद्रनं दात काढून द्यावा तशा एकेक करून तीन गाठी सांगितल्या.

"आणि ही चार गाठींची?"

"तिला हात लावायचा नाही. ती फक्त मी बघणार."

जयदेवशेठनं गंभीरपणे मान डोलावली. अल्पेशनं हात मागे घेतला.

घरी पोचल्यावर नरेंद्रनं सगळी हकीकत रंगवून सांगितली. यशोधरा मशीनवरून न उठता म्हणाली, "चार गाठींची? ती तर रेडिओची. शेठनी रेडिओ कधी घेतलाच नाही. दुसरं टोक सीटखाली टेप लावून तसंच पडलंय."

"हळू बोल," म्हणत नरेंद्रनं आधी खिडकी लावून घेतली.