सोनूआत्याचा पकवा

माझ्या आत्याने वयाच्या एकावन्नाव्या वर्षी अख्खं बंगळूर नाचवलं, आणि त्यात माझा वाटा एवढाच की मी एका ड्रमवर बसलो.

(आधीच सांगून ठेवतो, गाणं माझं होतं. शब्द माझे, चाल माझी, आवाजही माझा. आज हे कोणालाही पटत नाही.)

साठच्या दशकात ट्विस्ट नावाचा नाच कँटोन्मेंटातून निघाला तो थेट आमच्या बसवनगुडीत येऊन ठेपला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, भरपूर तेल लावून कपाळावर केसांचा कोंबडा काढणारा. गिटारवाला नागराज, ड्रमवाला व्हिक्टर आणि गायक मी, असा आमचा तिघांचा बँड. मी ‘लीला, लालबागेत ये’ असं एक गाणं रचलं होतं. अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी, आणि जिथे दोन्ही संपलं तिथे मराठी! मद्रासच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचे साहेब ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गावात आले होते. त्यांनी आम्हाला एक दुपार दिली. संध्याकाळच्या गाडीने ते परत जाणार होते.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परवानगी दिली, पण अट घातली.

“कँटोन्मेंटात एकटा जायचं नाही. सोनू बरोबर येईल.”

“अप्पा, मी एकवीस वर्षांचा आहे!”

“म्हणूनच.”

सोनूआत्या ही अप्पांची धाकटी बहीण. यजमान गेले तेव्हापासून, अकरा वर्षं, ती आमच्याकडेच होती. एके काळी मंगळागौरीला तिला चिकपेटेपासून मल्लेश्वरापर्यंत बोलावणी यायची. फुगडीत तिचा हात धरणारी कोणी नव्हती, असं आई सांगायची. आता मंगळागौर आली की आत्या स्वयंपाकघरात पुरणाकडे बघायची आणि बाहेरचा गलका ऐकायची. तिला कोणी ‘ये’ म्हणत नसे आणि ती ‘येते’ म्हणत नसे.

तर आम्ही जटक्यातून निघालो. घोडा म्हातारा, जटका त्याहून म्हातारा. पुढे जटकेवाला, मागे व्हिक्टर, नागराज, आत्या, तिचा चकल्यांचा डबा आणि व्हिक्टरचा एकुलता एक ड्रम. मला जागाच उरली नाही.

“ड्रमच्या कडेवर टेक,” व्हिक्टर म्हणाला. “फक्त कडेवर हं!”

मी कडेवरच टेकलो होतो. पण चाक खड्ड्यात गेलं, आणि मी कडेवरून मध्यावर गेलो. मध्यावरून आत गेलो! फाट्कन आवाज झाला आणि माझे गुडघे हनुवटीला लागले.

“अय्यो!” व्हिक्टर किंचाळला.

“लागलं का रे?” आत्याने विचारलं.

“नाही, आत्या.”

“तुला नाही, त्या ढोलाला विचारतेय.”

दोघांनी पाय धरून आणि एकाने (जटकेवाल्याने) काखेत हात घालून मला बाहेर काढलं. ड्रमच्या कातड्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

ध्वनिमुद्रणासाठी एका बंगल्याची खोली घेतली होती. खिडक्यांना गाद्या लावलेल्या, आत भट्टीसारखा उकाडा. साहेबांनी फाटका ड्रम पाहिला, घड्याळ पाहिलं आणि मला पाहिलं. यांतलं शेवटचं त्यांना सगळ्यांत नकोसं वाटलं असावं. व्हिक्टरने टेबल बडवून पाहिलं. साहेब म्हणाले, “दारावर पोस्टमन आल्यासारखं वाटतंय.” मग आत्याचा डबा वाजवला, तर आतल्या चकल्याच जास्त वाजल्या! शेवटी मी ताल सोडून नुसत्या गिटारवर गायला लागलो. दुसऱ्या कडव्यापर्यंत नागराज लालबागेत पोहोचला होता आणि मी अजून बसवनगुडीतच होतो.

“थांबा!” साहेब ओरडले. “माझी गाडी आहे. पुरे झालं!”

माझं तोंड पडलं. व्हिक्टर फाटक्या ड्रमपाशी मान खाली घालून बसला. आणि कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला.

“वसंता, लय सुटतेय तुझी. ही बघ, अशी धर.”

तिने बसल्या बसल्या तोंडाने पकवा घुमवायला सुरुवात केली. फुगडी घालताना बायका श्वासाचा जो फुंकारता ताल धरतात ना, तो. फूं-फूं-पच्-फूं! फूं-फूं-पच्-फूं! मी गार पडलो. त्या एका तालात ड्रम होता, झांज होती आणि आगगाडीचं इंजिनही होतं!

साहेबांनी धावत जाऊन मायक्रोफोन तिच्यापुढे ठेवला. “अम्मा, असंच. तीन मिनिटं!”

“बसून नाही व्हायचं ते. फुगडीला जोडीदार लागतो.”

“मी येतो, आत्या,” मी म्हणालो.

“तू गा. निदान तेवढं तरी कर.”

तिने पदर खोचला, क्षणभर हातांकडे पाहिलं, आणि मग सहा फुटी व्हिक्टरपुढे दोन्ही हात धरले. “ये रे बाळा. पाय जुळव, मागे रेल, आणि हात सोडलास तर भिंतीत जाशील. सरी? कळलं ना?”

“सरी, आंटी,” व्हिक्टर घाबरून म्हणाला.

ती तीन मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. आत्या गरगरत होती, व्हिक्टर डोळे मिटून येशूचं नाव घेत होता, नागराज गिटारसकट भिंतीला चिकटला होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तालात गात होतो! शेवटी आत्या म्हणाली, “पुरे रे, स्वल्प थांब!” तेही रेकॉर्डवर गेलं. व्हिक्टर थांबला, पण खोली काही त्याच्यासाठी थांबली नाही. तो गाद्यांत कोसळला.

परतताना आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता. आतून कोणीतरी दिवा लावावा तसा. मग एकदम विझला.

“अण्णाला सांगू नकोस,” ती म्हणाली. (अप्पांना ती अण्णा म्हणायची.) “विधवा बाई परक्या पोराबरोबर फुगडी घालते, हे कळलं तर त्याला मान वर करता यायची नाही.”

मी शपथ घेतली.

तीन महिन्यांनी तबकडी आली, आणि गाव वेडं झालं! गांधी बझारच्या हॉटेलात गाणं, लग्नाच्या कर्ण्यावर गाणं, कँटोन्मेंटच्या नाचघरात एका संध्याकाळी सात वेळा तेच गाणं. लीलाचं नाव कोणी घेत नव्हतं. पोरं रस्त्यातून ‘फूं-फूं-पच्-फूं’ करत सायकली हाणत होती, आणि ‘स्वल्प थांब’ म्हणून ब्रेक लावत होती. हे वाद्य कोणतं, यावर पैजा लागल्या. कोणी आफ्रिकेतला ढोल म्हणे, कोणी सायकलचा पंप. आत्या भाजी निवडता निवडता हे ऐकायची आणि गालात हसायची.

अप्पा मात्र हॉटेलातलं गाणं सुरू झालं की वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचे.

आणि मी? मला विचारलं तर मी सांगायचो, “माझाच शोध आहे तो.” (शपथ घेतली होती ना! दुसरं काय सांगणार?) त्याचं फळ गणेशोत्सवात मिळालं. आमच्या समाजाच्या सभागृहात आमचा कार्यक्रम ठरला. पुढच्या रांगेत अप्पा, बायकांत आत्या, आणि दारापर्यंत माणसं.

मी गायला लागलो, तर मागून ओरडा झाला, “गाणं राहू दे! फूं करून दाखव!”

मी केलं. पहिलं ‘फूं’ बरं गेलं. दुसऱ्याला श्वास बाहेर सोडायच्या ऐवजी आत ओढला, ‘पच्’ला ठसका लागला, आणि चौथ्याला डोळ्यांपुढे काजवे! मी मायक्रोफोनला मिठी मारून खाली बसलो. सभागृह हसून लोटपोट. “खोटारडा! खोटारडा!”

तेवढ्यात बायकांत हालचाल झाली. आत्या उठली होती. तिने अप्पांकडे पाहिलं नाही. सरळ मंचावर आली, मला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि पदर खोचला. “चल रे, व्हिक्टर.”

फूं-फूं-पच्-फूं!

हसू एकदम थांबलं. हाच तो आवाज, हे सगळ्यांना कळलं. आणि अप्पा उभे राहिले.

आता संपलं, असं मला वाटलं. अप्पा पायऱ्या चढून वर आले. आत्या थांबली. अप्पांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि ते व्हिक्टरला म्हणाले, “बाजूला हो. तुला रेलता येत नाही.”

“अण्णा...” आत्या पुटपुटली.

“पहिल्याच दिवशी हॉटेलात ओळखला मी तो पकवा. लहानपणी तुझा जोडीदार कोण होता, विसरलीस? अकरा वर्षं आम्हीच तुला गप्प बसवलं, सोनू. दे हात.”

मग पंचावन्न वर्षांचा हेडक्लार्क आणि एकावन्न वर्षांची त्याची बहीण अशी काही फिरली, की सभागृहाने श्वास रोखून धरला आणि मग टाळ्यांचा कडकडाट केला! आई रडत होती, व्हिक्टर शिट्ट्या मारत होता. मीही रडत होतो, पण लोकांना ते ठसक्याचं पाणी वाटलं.

आठवड्याभरात मद्रासहून माझ्या नावाने पत्र आलं. मी सगळ्यांना गोळा केलं, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं, “दुसरी तबकडी लगेच काढायची आहे. आत्याबाईंना आणि त्यांच्या बंधूंना घेऊन यावे.”

“अरे वा! पुढे वाच,” अप्पा म्हणाले.

पुढे मी वाचायला नको होतं, पण तोंड सुरू होतं.

“गायक आणण्याची गरज नाही.”