बहिणीला निलगिरी म्हणालो

केजजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर निलगिरीची रांग आहे. ज्वारी हुरड्यात आली की लाल कंठाचे पोपट त्या झाडांच्या शेंड्यांवर येऊन बसतात आणि तिथून कणसांवर उतरतात. गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीला हुरड्याला बोलावलं. बोलावण्यामागं काम होतं, ते तिलाही ठाऊक होतं. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा तिनं माझ्या नावे सोडून द्यावा, असं मला वाटत होतं. वडिलांनी ठेवलं ते नुसतं माळरान. दगड मी वेचले, विहीर मी खोदली. तिनं मागावं कशाला, हा राग अजूनही गेलेला नाही.

माझं उभं आयुष्य बैलबाजारात गेलं. तिथं जनावर आवडलं तरी आधी नावं ठेवायची, मग भाव बोलायचा. विहिरीलगतचा अर्धा एकर तिला द्यायची माझी तयारी होती, पण ते शेवटी बोलायचं होतं. सुरुवात मी नावं ठेवण्यापासून केली.

कणसं भाजत असताना थवा उतरला. ती म्हणाली, "दादा, लई खातेत की रे हे. हाकलत न्हाईस?"

"पोपटाचं काय, चार दाणे टिपतो अन् उडून जातो. निलगिरी तशी न्हाई. एकदा रोवली की बुडाखालचं सगळं पाणी ओढती. बहिणी बी दोन जातीच्या असतेत. साडी-चोळीत खूश होऊन जाणाऱ्या, न्हाईतर तुझ्यासारख्या."

माझी बायको कणीस फिरवायची थांबली. बहिणीनं तळहातावरचे दाणे चोळले, कोंडा फुंकला आणि म्हणाली, "सही कवा करायची ते सांग."

ती चिडेल, काहीतरी मागेल, मी नाही म्हणेन, मग ओढाताण होऊन अर्ध्या एकरावर येऊ, असं मी धरून चाललो होतो. तिनं घासाघीस केलीच नाही.

केजच्या नोंदणी कार्यालयात साहेबांनी तिला विचारलं, "कुणाच्या दबावाखाली तर सही करत नाही ना?"

"न्हाई. भाऊ हाय माझा."

अर्ध्या एकराचं तेव्हाही बोलता आलं असतं. पण कमी भावात सौदा पटला की तोंड उघडायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. मी तिच्यापुढं पेन सरकवलं. बाहेर आल्यावर जेवायला चल म्हणालो, तर "बस हाय माझी" म्हणून ती तेलगावच्या गाडीत जाऊन बसली.

यंदा हुरड्यासाठी फोन केला. दाजींनी उचलला. ती कामात आहे म्हणाले.

अर्ध्या एकराचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेलो, तर त्या दिवशी मी तिचा भाव पाडत होतो, हे तिला कळेल.