पत्र्याच्या भिंतीला पाणी

टेम्पोतून पॅनेलं उतरवली तेव्हा त्यांची आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली, हेच मला कळेना. दोन्हीकडं पांढरा पत्रा, मध्ये पिवळसर फोम, वरून निळं प्लास्टिक चिकटवलेलं. फिटरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही ज्या बाजूला ऱ्हाशीला ती आतली." हे उत्तर होतं की चेष्टा, तेही कळलं नाही. मी तेवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. उष्णतेचे वाहक आणि दुर्वाहक फळ्यावर किती वेळा लिहिलेत याला गणती नाही. पण एक अख्खी खोली टेम्पोच्या हौद्यात आडवी पडून येते आणि दोन माणसं तिची भिंत बोलत बोलत उचलून नेतात, हे काही डोक्यात शिरत नव्हतं.

खोली माझ्या वडिलांसाठी होती. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. मी एकुलती एक, त्यामुळं 'आम्ही' म्हणजे मीच. आप्पा मुरगूडचे गवंडी. चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली. आई मागच्या वर्षी गेली आणि ते एकटे राहिले. मग एका सकाळी न्हाणीत पाय घसरून पडले, ते शेजारीण ताक द्यायला येईपर्यंत तिथंच पडून होते. कंबरेचं हाड मोडलं नाही, मुका मार बसला. मी म्हटलं, आता पुरे, कोल्हापुरात कळंब्याला माझ्याकडं चला.

"लेकीच्या घरात ऱ्हायचं नसतंय," आप्पा म्हणाले. विषय संपला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडं जुनी रीत आहे. आता कोण पाळतं? लेक पहिल्या दिवाळीला चहा टाकते आणि बाप फुर्रकन ओढतो. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली. मूल नाही. आणि या बावीस वर्षांत आप्पांनी माझ्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं यायचे, पिशवीत घेवडा, लिंबं, कधी मक्याची कणसं. पायरीवर बसायचे. मी तांब्या घेऊन आले की म्हणायचे, "नको, आत्ताच स्टँडवर च्या घेतलाय." मग आपल्या बाटलीतलं पाणी प्यायचे. आईचंही तेच. ती शेवटच्या आजारात कोल्हापुरातच दवाखान्यात होती. मी रोज थर्मासमधून चहा न्यायचे, आणि तिला रोज मळमळत असायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं दिलेली पेज मात्र ती प्यायली. मी दारातून पाहिलं आणि थर्मास तसाच परत आणला.

मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात मोठ्यानं बोलणं भरपूर, पण विचारणं नाही. मी माझा अर्थ लावून घेतला होता, आणि तो लावायला फार बुद्धी लागत नव्हती. त्यांना माझी लाज वाटते. मूल नसलेल्या लेकीचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नाही. याचा मला इतका राग होता की तो आला की मी भांडी घासायला घ्यायचे, घासलेली असली तरी.

केबिनची कल्पना नवऱ्याची. तो फौंड्रीत आहे. तिथं सुपरवायझरसाठी अशीच पॅनेलची केबिन उभी केलेली, बाहेर भट्टी धगधगत असताना आत माणूस स्वेटर घालून बसेल म्हणे. नवरा म्हणाला, "त्यांना लेकीचं घर नको ना? मग घर बांधायलाच नको. अंगणात केबिन उभी करू. छप्पर वेगळं, दार वेगळं, आपल्या भिंतीपासून चार फूट लांब." चार फूट लांब असलं म्हणजे ते माझं घर नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला समजलं नाही. पण मी फोन लावला.

आप्पांनी आधी अंगण केवढं ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "तुज्या भिंतीला चिकटणार न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मालक कोण?"

"तुम्हीच की."

"बघू," म्हणाले. आमच्याकडं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे बघू म्हणणाऱ्यालाही माहीत नसतं.

जोतं घातलं त्या दिवशी आप्पा हजर. मुरगूडहून पहिल्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. कंबरेला पट्टा, पिशवीत डबा आणि दोन बाटल्या पाणी. खोली त्यांच्या राहण्यासाठी बांधायची आणि ती बांधून होईपर्यंत त्यांनी रोज दोन वेळा एसटीचे धक्के खायचे, यातलं शहाणपण मी शोधत होते. सापडलं नाही. जोतं तीन आठवडे मुरू द्यावं असं त्यांचं म्हणणं. फिटर सहाव्याच दिवशी माल घेऊन दारात, कारण टेम्पो मोकळा होता.

"कच्चं हाय अजून," आप्पा म्हणाले.

"मामा, ह्याला वजन काय हाय? दोन माणसं भिंत उचलत्यात."

"तेच म्हणतोय मी. जी भिंत दोन माणसं उचलत्यात ती भिंत कसली?"

खाली पत्र्याची पन्हाळीसारखी पट्टी बोल्टनं आवळली, त्यात एकेक पॅनेल उभं करून शेजारच्याच्या खाचेत सरकवलं. सकाळी मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून कढीपत्त्याचं झाड दिसत होतं. दुपारी भिंत दिसायला लागली. मी चौकटीच्या पूजेसाठी हळदकुंकू, नारळ घेऊन ठेवलेलं. नारळ सोलून आणते तोवर फिटरनं दाराची ॲल्युमिनियमची चौकट स्क्रूनं बसवूनसुद्धा टाकली. आता बसलेल्या चौकटीची पूजा करावी की काढून परत बसवायला लावावी, मी नारळ हातात धरून उभी राहिले. शेवटी कुंकवाची दोन बोटं ओढली. ती ॲल्युमिनियमवर धड टिकलीही नाहीत.

आप्पांनी ओळंबा आणला होता. प्रत्येक कोपऱ्याला दोरी सोडून एक डोळा मिटून बघत होते. भिंत ओळंब्यात होती, त्याचंही त्यांना वाईटच वाटलं असावं. मग त्यांनी बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक केली.

"आत काय हाय?"

"फोम," फिटर म्हणाला.

"म्हंजे कायच न्हाई."

मी मध्ये पडले. म्हटलं, आप्पा, फोमच्या बारीक बारीक कप्प्यांत वायू अडकलेला असतो, तोच ऊन आत येऊ देत नाही. सातवीच्या मुलांना सांगते तसं सांगितलं. सातवीची मुलं निदान मान डोलावतात. आप्पा म्हणाले, "हवा कोंडून भिंत हुत असती तर मी काय चाळीस वर्षं येड्यागत इटा उचलल्या?"

मग नळाचा घोळ झाला. प्लंबरनं आमच्या टाकीतून केबिनला लाईन ओढली. आप्पांनी पाईपवर बोट ठेवून ती कुठनं येते ते माग काढत पाहिलं, टाकीपाशी थांबले आणि बोट काढून घेतलं. नवरा म्हणाला, वेगळं कनेक्शन घेऊ. माझं डोकं चालेना. पाणी तलावातून येतं, पाईपमधून येतं, टाकीत चढतं, तोंडातून पोटात जातं. यात ते नेमकं कुठल्या ठिकाणी माझं होतं? आणि माझं झालं की त्याला काय होतं?

दुसऱ्या दिवशी भिंती आणि छप्पर पूर्ण झालं. बाहेरच्या आणि तळाच्या फटींत सिलिकॉन भरायचं तेवढं राहिलं होतं, ते सकाळी करतो म्हणून फिटर गेला. मी पाच वाजता शाळेतून आले तर आप्पा बागेची नळी धरून केबिनला पाणी मारत होते. चारी बाजूंनी, वरून खाली, सावकाश. नव्या बांधकामाला मारतात तसं. पांढऱ्या पत्र्यावरून पाणी धो धो खाली येत होतं. मी खांद्यावरची पिशवीही न उतरवता बघत राहिले. त्यांची एसटीची वेळ झाली, नळी गुंडाळून ठेवून ते गेले.

सकाळी फिटरनं तळाची पट्टी उघडली तर आत पाणी साठलेलं. दोन पॅनेलं सोडवून, पुसून परत बसवावी लागणार होती. तो आप्पांवर खेकसला, "मामा, पत्र्याला कोण पाणी मारतंय व्हय? कुंडीतलं झाड हाय का हे?" आप्पा खाली मान घालून उभे. माझ्या बापाला कुणी बांधकामावरून बोलतंय आणि तो ऐकून घेतोय, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आप्पांचं डोकं आता जायला लागलंय. एकटा माणूस, पडलेला, आई गेल्यापासून धड जेवत नाही. मी लहान मुलाशी बोलावं तसं हळू विचारलं, "आप्पा, ही विटांची भिंत न्हाई. माहीत हाय न्हवं तुम्हाला?"

ते उसळले. "मला येडा समजतीस? जोतं आठ दिवसाचं न्हाई झालं अजून, त्याला पाणी नको? मारताना उडालं वर. आणि पाणी मालकानंच मारायचं असतंय. बांधतोय गवंडी, पाणी मालकाचं. मालक मी म्हनालीस न्हवं?"

पाणी उडालं नव्हतं, छपरापासून मारलेलं मी पाहिलं होतं. पण जोतं कच्चं होतं हेही खरं. फिटरचं बरोबर, आप्पांचंही बरोबर, आणि पट्टीतलं पाणी तर समोर दिसत होतं. मला वाटलं, यातल्या कुणाची समजूत काढायची ते तरी कुणी सांगा. तेवढ्यात आप्पांना बोलून बोलून कोरड पडली. त्यांनी पिशवीतून मुरगूडची बाटली काढली, टोपण फिरवलं आणि तोंडाला लावली.

माझा तोल गेला. फिटर, त्याचा जोडीदार, शेजारची बाई गॅलरीत, कशाचं भान राहिलं नाही. "भिंतीला माझ्या नळाचं पाणी चालतंय," मी ओरडले. "पत्र्याला चालतंय. तुम्हाला चालत न्हाई. आईला मरताना चाललं न्हाई. एवढी कसली लाज वाटते माझी?"

फिटरला टेम्पोतलं काहीतरी आठवलं आणि दोघंही फाटकाबाहेर गेले. आप्पांनी बाटलीचं टोपण लावलं. उरलेल्या पॅनेलांचा ढीग होता त्यावर बसले.

"लाज? कसली लाज?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुज्या आईनं नवस केलता. लगीन हुन तीन वर्सं झाली तवा. त्याआदी नुसती रीत हुती. लेकीच्या मांडीवर प्वार बघंस्तवर तिच्या दारचं पाणी तोंडाला लावणार न्हाई. मलाबी धरलं त्यात."

"मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितला की नवस लागत न्हाई म्हनाली."

मी पायरीवर बसले. बावीस वर्षं मी ज्याचा राग केला ती गोष्टच नव्हती. आई तहान मारून माझ्यासाठी काहीतरी मागत होती आणि मी थर्मास परत आणून नळाखाली ओतत होते. मला रडूही येईना. कुणावर चिडावं तेही समजेना, कारण चिडायला ती नव्हती.

"आता ती न्हाई," आप्पा म्हणाले. "नवस तिचा. मी मोडावा का पाळावा, मला कायच कळंना झालंय. हितं ऱ्हायाचं म्हंजे रोजचं पाणी. कुणाला इचारू?"

भिंत एका दोऱ्यानं जरी कलली तरी लांबून सांगणारा हा माणूस, मला विचारत होता.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. डॉक्टरांनी सांगायचं ते केव्हाच सांगितलंय, आणि त्यानंतर शरीरानंही सांगून झालंय. पण हे वाक्य मी कुणाजवळ बोलले नव्हते. नवऱ्याजवळसुद्धा नाही. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आम्ही फौंड्रीबद्दल बोलतो.

"आप्पा," मी म्हटलं, "मला आता मूल हुणार न्हाई."

आत गेले, तांब्या भरला, चार फूट ओलांडून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तांब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"खरंच न्हाई?" इतक्या हळू विचारलं, जणू माझी मोजण्यात चूक झाली असेल.

"न्हाई."

"मग दे," म्हणाले आणि हात पुढं केला. बावीस वर्षं मी हेच मागत होते. आता तांब्या त्यांच्या हातात देताना मला वाटत होतं, आप्पांनी अजून एकदा नको म्हणावं.