बाय म्हणजे विकत घेणे

मला शाळेत इंग्रजी सुरू झालं त्या वर्षी आमच्या घरात इंग्रजी शिकणाऱ्या दोघी होत्या. एक मी आणि दुसरी माझी माय. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला दोन-तीन वर्षं झाली होती. अकोल्यात मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात आम्ही राहायचो. बा कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. पोरींनी शिकायचं हे घरात ठरूनच गेलं होतं. आपणही शिकावं हे मात्र मायनं एकटीनंच ठरवलं. अक्षरं तिला जुजबी येत, पण शब्दांची भूक दांडगी. मी चुलीजवळ बसून धडा घोकायला लागले की भाकर थापता थापता ती विचारायची, "आज कोनता शबद आला व?"

एका संध्याकाळी 'बाय' आला.

"बाय म्हणजे विकत घेणे," मी म्हणाले.

"अन् परवा तं तू बाय म्हंजे गाडीनं जानं सांगतलं."

"तो बाय वेगळा. त्याचं स्पेलिंग वेगळं."

"अन् जिनातल्या साहेबाची बायको निंगताना हात हालवून म्हन्ते, थो?"

"तोही वेगळा."

"म्हंजे एकच बाय तीन घरची कामं करते म्हन की!"

माझी थोरली बहीण, आमची अक्का, शिवणाच्या मशीनवरून खो-खो हसली. ती सातवी पास होऊन घरी बसली होती आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. दुसऱ्या दिवशी मी भूतकाळ शिकून आले. काल विकत घेतलं असेल तर 'बॉट' म्हणायचं. मायनं पिठानं माखलेलं बोट वर केलं. "आज बाय अन् काल बोट? कावून?" मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, पाठ कर.

पण मायच्या डोक्यात शब्द बसला की तो तिथं फिरत राहायचा. अक्कासाठी कापड आणायला आम्ही तिघी बाजारात गेलो. दुकानदारानं ठाणावरून कापड मोजलं, कात्रीनं कोपरा कापला आणि टर्रकन फाडून दिलं. माय रस्त्यात म्हणाली, "आपुन कापड फाडलं म्हन्तो. इकत घेतलं नाई म्हनत." पुढं मणियाराकडं बसलो. तिथं बांगड्या भरल्या. मग तिला नादच लागला. तिकीट काढतात. दूध लावतात. सोन्याचा डाग करतात. वर्षाचं धान्य भरतात. "एवढ्या सगळ्याले इंग्रजीत काय म्हन्तात, ते सरले इचारून ये."

मी विचारलं. तिकीट काढणं? सर म्हणाले, बाय. बांगड्या भरणं? बाय. दूध लावणं? सरांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि ते म्हणाले, "बायच असावं." मी घरी येऊन सांगितलं तेव्हा माय एकेक शब्द बोटांवर मोजत बसली. इंग्रजांचं काम सोपं, की त्यांच्याकडं शब्दच कमी, हे तिला ठरवता येईना. मलाही येईना. वर्गात इतर मुली कविता पाठ करायच्या तेव्हा मी मनातल्या मनात बाजार फिरत असे.

त्याच हिवाळ्यात परतवाड्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर होता. सोबत त्याचे वडील आणि काका. चिवडा झाला, चहा झाला. अक्काला त्यांनी वाचायला लावलं, शिवलेलं झबलं पाहिलं. मास्तर फार बोलत नव्हते, पण अक्का कपबशा उचलायला वाकली तेव्हा त्यांनी आपली बशी स्वतःहून पुढं केली. ते मी पाहिलं, आणि अक्कानंही. वडील म्हणाले, पोरगी पसंत आहे. बाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

मग काकांनी घसा खाकरला. "हुंडा-गिंडा आपल्यात आता राह्यला नाई. आमचं मांगनंच नाई. फक्त पोराले शाळेत जायाले सायकल, अन् घरी एक रेडिओ. नोकरीवाल्या पोराले तेवढं शोभते."

इतका वेळ माय दारात उभी होती. ती पुढं आली, पदर सावरून खाली बसली आणि सरळ मास्तरांकडं वळली.

"मास्तर, तुमी इंग्रजी शिकवता नं?"

"हो, शिकवतो."

"बाय म्हंजे काय?"

मास्तरांना हसू आलं. "विकत घेणे."

"कापड फाडलं तरी बाय, अन् टिकिट काढलं तरी बाय?"

"हो. सगळ्याला तेच."

"अन् सायकल-रेडिओ देऊन नवरदेव आनला, तं त्यालेई तेच का?"

मास्तरांचं हसू तसंच राहिलं होतं; ते हळूहळू मावळलं आणि त्यांनी मान खाली घातली. काका उठले. "पाव्हन्याले घरी बलावून असं बोलतात का?" वडीलही उठले. बानं दारापर्यंत जाऊन हात जोडले. काही दिवसांनी निरोप आला की मुलगी पसंत नाही.

मायनं ते टोचायला विचारलं की खरोखर जाणून घ्यायला, हे मला अजून कळलेलं नाही. तिचा चेहरा मला आठवतो. चुलीपुढं मला विचारताना असायचा तसाच होता. पुढं एकदा मी तिला स्पष्टच विचारलं. ती म्हणाली, "मले मालूम नसन तं मी इचारीन नाई का?" यातून काय समजायचं ते समजा.

अक्कानं मात्र मायशी बोलणं टाकलं. ओरडली नाही, रडली नाही. फक्त "हो" आणि "नाही". एका रात्री अंथरुणावर ती मला म्हणाली, "त्यायनं सायकल मांगतली नवती व. काकानं मांगतली." मास्तरांना बोलायला तोंड होतं, असं मी म्हणाले, तर तिनं कूस बदलली.

उन्हाळ्यात बाच्या ओळखीच्या एका माणसानं सांगितलं की अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला मुली घेतात. अक्का लगेच तयार झाली. घरातून निघायचं म्हणून तयार झाली, असं मला तेव्हा वाटलं. मायनं तिची वळकटी बांधली, त्यात तिळाची चटणी ठेवली. स्टेशनवर दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि दोघी रुळांकडं पाहत होत्या.

दिवाळीत अक्का परत आली ती वेगळीच होऊन. ताठ चालायची, नखं कापलेली, बोलण्यात चार इंग्रजी शब्द. जेवताना ती माझ्याशी वॉर्डमधल्या गोष्टी बोलत होती. अंजनगाव सुर्जीकडच्या एका म्हाताऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं. आजार बरा होणारा नव्हता. डॉक्टर मोठ्या सिस्टरला इंग्रजीत म्हणाले की आपण त्याला थोडा वेळ विकत घेऊन दिला आहे.

"'बाय' म्हणाले?" मी विचारलं.

"बायच म्हणाले."

मायचा हात ताटातच थांबला. "वेळ इकत भेटते?" आणि मग, जणू मधले महिने नव्हतेच, तिनं थेट अक्काला विचारलं, "कोनापासून घेतला म्हने?"

अक्कानं तिच्याकडं पाहिलं. "थे नाई सांगतलं."

"अन् म्हाताऱ्यानं काय केलं त्या वेळाचं?"

"घरी गेला. पानमळा हाये त्याचा. येल उतरवाचे हायेत म्हने, वाढलेला येल खाली घेऊन पुन्हा मातीत गाडाचा, थे पोराले जमत नाई."

"मंग बरं झालं," माय म्हणाली. त्या रात्री दोघी भांडी घासत बराच वेळ बोलत होत्या. टाके कसे घालतात, गुंगी कशी देतात, माणूस पोट फाडलेलं असताना स्वप्न पाहतो का. मायचे प्रश्न संपत नव्हते आणि अक्का एकेकाचं उत्तर देत होती. परतवाड्याचा विषय निघाला नाही. पुढंही कधी निघाला नाही.

अक्का शिकून सरकारी नोकरीत लागली. पुढं तिनं दवाखान्यातल्याच एका कंपाउंडरशी लग्न केलं, आपण होऊन ठरवून. पण त्याआधी, ती शिकत असतानाच, माय मला घेऊन अमरावतीला गेली. बडनेऱ्याला गाडी बदलली. अक्का पांढऱ्या साडीत फाटकाशी उभी होती. तिनं मोठ्या सिस्टरची परवानगी काढून आम्हाला बायकांचा वॉर्ड दाखवला. मायनं खाटांना हात लावून पाहिलं, सुया उकळायचं भांडं पाहिलं. मग एका बाळंतिणीच्या उशाशी बसली आणि तिचं गाव, तिचं माहेर, दुखायला कधी लागलं, सगळं विचारत सुटली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, तरी ती उठेना. शेवटी अक्कानं तिच्या दंडाला धरलं आणि हसून म्हणाली, "चाल आता व माय, त्या बाईले झोपू दे."