कमान सिस्टरांनी मागितली नव्हती

धम्मशीला तायडे यांच्याबद्दल लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. खामगावच्या आमच्या कॉलनीत बावीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो, पण त्यांचं माहेर कुठलं हे मला त्या गेल्यावर कळलं. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मी कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर वजनं लिहिणारा माणूस. पत्रापलीकडे कधी काही लिहिलं नाही. पण त्यांच्या शोकसभेत आमच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष हिंमतराव माईकवर म्हणाले, "कॉलनीची कमान सिस्टरांच्या प्रयत्नानं आली." हे खोटं आहे. तिथं उठून बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो.

सिस्टरांनी कमान मागितली नव्हती. त्यांनी कायद्यात एक वाक्य मागितलं होतं.

आमच्या लेआउटमध्ये नकाशावर खुली जागा सोडलेली आहे. आम्ही प्लॉट घेतले तेव्हा मालकानं तीच दाखवून सांगितलं होतं, इथं बगीचा होईल, लेकरं खेळतील. सातबाऱ्यावर मात्र जागा त्याच्याच नावावर राहिली. तो वारला आणि त्याच्या मुलांनी ती विकायला काढली. सिस्टरांनी चौकशी केली तेव्हा कळलं की चिखली-मलकापूरपर्यंत कितीतरी कॉलन्यांत हेच झालं आहे. कचेरीत जाऊन भांडलं तर एक जागा वाचेल, कायदा बदलला तर सगळ्यांच्या वाचतील, असं त्या म्हणत. सतरा कॉलन्यांच्या रहिवासी संघांच्या सह्या त्यांनी पायी फिरून आणल्या. निवेदनाचा गाभा एकच होता: लेआउट मंजूर होताच खुली जागा रहिवासी संघाच्या नावावर चढावी, मालकाच्या सहीची गरज नसावी. कच्च्या कागदावरून पक्का कागद मी ताडून दिला. ते वाक्य मला पाठ होतं.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन आलं. आमदारांनी राज्यमंत्र्यांची वेळ घेतली आणि विधानभवनात जायला पाच पास मिळतील असं कळवलं. हिंमतरावांच्या ओट्यावर बैठक झाली.

"सिस्टर, कागद तुमी झकास केला," हिंमतराव म्हणाले. "आता नेणं आमच्यावर सोडा. तिथं गडीमाणसं बरी."

"मंत्र्यानं काही इचारलं तं?"

"मी हाव नं."

मागून हिंमतरावांचा चुलतभाऊ हळूच बोलला, "आडनाव पाहूनच तिथं समजते, कोणाचं काम हाय ते."

सिस्टरांनी ते ऐकलं. त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या घरची तीन बायंतपणं याच आडनावानं केली, दादा. तवा नाई नडलं."

तो हसला, दोघंतिघं हसले. मी खाली पाहत बसलो. पाच नावं लिहिली गेली, सगळी पुरुषांची, आणि पाचवं माझं. ते खोडा आणि सिस्टरांचं घाला, एवढं म्हणायला काय लागत होतं? आज लिहितानाही स्वतःचा संताप येतो.

तरी त्या आल्या. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर फाइल घेऊन बसल्या. विधानभवनाच्या फाटकावर पोलिसानं त्यांना अडवलं. पास नाही तर आत नाही. फाइल त्यांनी माझ्या हातात दिली.

मी फाइलमधून काढून दिलेलं निवेदन मंत्र्यांनी उलटूनपालटून पाहिलं. माणूस बरा वाटला. म्हणाले, "सह्या खूप आहेत. पण नेमका बदल काय हवाय? एका वाक्यात सांगा."

हिंमतरावांनी माझ्याकडे पाहिलं. वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी फाइल बगलेत आणखी घट्ट धरली. तेवढ्यात हिंमतराव हात जोडून म्हणाले, "साहेब, कॉलनीले एक कमान भेटली तं लय बरं होईन."

मंत्री मोकळेपणानं हसले. बाजूच्या आमदारांना म्हणाले, "द्या हो यांना, तुमच्या निधीतून." फोटो निघाला. माझ्या बगलेतली फाइल कोणी मागितली नाही.

बाहेर सिस्टर सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. हिंमतरावांनी लांबूनच हात हलवला, "झालं काम!"

काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी फाइल परत घेतली.

"एक वाक्य होतं, भाऊ. तुमाले तं पाठ होतं. काऊन नाई बोलले?"

मी गाडीचं दार उघडून धरलं. गाडीत हिंमतराव कमानीवर कोणाकोणाची नावं टाकायची ते ठरवत होते. सिस्टर मागून म्हणाल्या, "नावं मावतीन एवढी रुंद करा. आतली जागा गेली तरी चालते."

उन्हाळ्यात कमान झाली. त्याच उन्हाळ्यात खुल्या जागेला मालकाच्या मुलांचं तारेचं कुंपण पडलं. त्या कमानीखालूनच खांबांचा ट्रॅक्टर आत आला. पुढच्या अधिवेशनात सिस्टरांनी दुसऱ्या आमदारांना धरून प्रश्न लावून घेतला. अशा तक्रारी आल्या आहेत काय? छापील उत्तर आलं, होय. मग कायद्यात बदल करणार काय? उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. सतरा कॉलन्यांतल्या माणसांनी आयुष्याची कमाई घालून घरं बांधली, आणि प्रश्न उद्भवत नाही! त्यांनी तो कागद मला दाखवला, घडी घालून फाइलला लावला आणि त्याच आमदारांना अशासकीय, म्हणजे सरकारनं नाही तर आमदारानं स्वतः मांडायचं, विधेयक मांडायला राजी केलं. विधेयक कामकाजाच्या यादीत आलं. अधिवेशनाला आठ दिवस असताना सिस्टर हृदयविकारानं गेल्या. विधेयक सभागृहात पुकारलं गेलंच नाही. आता त्याच्या मागे लागणारं कोणी नाही आणि कुंपण अजून तसंच आहे.

त्या वारल्या त्याच्या आदल्या दिवशी भिंतीपलीकडून त्यांनी मला हाक मारली.

"पुंजाजीभाऊ, यंदा पास माह्या नावाचा हाय. दुसरा तुमच्या नावाचा मागू काय?"

"मले बोलता येत नाई, सिस्टर."

"मी बोलीन नं. तुमी फक्त अडलं तं सांगा. आधारची झेरॉक्स लागते."

"दोन्ही बाजूची?"

"हाव. आन् साफ काढा, मांगच्या खेपेले काळी आली होती."

"आणतो," मी म्हणालो.